गुलाबी बादलीतला निळा मग

आमच्या भट्टीतून मग कमी निघतात आणि किस्से जास्त. फसलेल्या मगांची सोय होते. शोभाताई ते शेडमागच्या फळीवर मांडतात, मग कोणी त्यात पुदिना लावतं, कोणी कात्र्या ठेवतं. किस्स्यांचं काय करायचं? ते साचतच जातात. म्हणून म्हटलं, थोडे इथे उतरवून ठेवावेत.

शोभाताई म्हणजे पिपरी मेघेतल्या निवृत्त चित्रकला शिक्षिका. घरामागच्या शेडमध्ये त्यांनी गॅसची भट्टी बसवली आणि दर शनिवारी आम्हाला स्टोनवेअरचे, म्हणजे कडक आचेवर भाजलेल्या पक्क्या मातीचे, मग करायला शिकवू लागल्या. आम्ही म्हणजे वंदना, मूळची हिंगणघाटची, इथल्या एका हार्डवेअरच्या दुकानदाराची सून. आणि मी. मी तिथे गेले ती मिनूमुळे. माझी साडेतीन वर्षांची मुलगी दूध पीत नाही. स्टीलच्या पेल्यातून नाही, कार्टूनच्या कपातून नाही, पेढ्याची लाच देऊनही नाही. डॉक्टर म्हणाले, "वजन ठीक आहे, काळजी करू नका." हे वाक्य ऐकून माझी काळजी आजवर एकदाही कमी झालेली नाही. शेवटी मी ठरवलं, आईच्या हातचा मग असला तर पिईल. पिईल ना?

*

पहिल्याच दिवशी मी विचारलं, "ताई, मगावरच्या या काचेसारख्या लेपात, ग्लेझमध्ये, शिसं नाही ना?"

"नाही."

पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं. त्याच्या पुढच्या शनिवारी मी तोंड उघडायच्या आधीच वंदना म्हणाली, "माय वो! शोभाताई याच मगातून रोज चहा पितेत. त्यायच्याकडे पाहा ना, झालं का त्यायले काई?"

मी पाहिलं. शोभाताईंनी नेमका तेव्हाच हातातला ब्रश पाण्याऐवजी चहात बुडवून धुतला.

*

ग्लेझ द्यायची रीत तशी सोपी आहे. एकदा भाजलेला कोरा मग चिमट्यात धरायचा, बादलीत बुडवायचा, तीनपर्यंत मोजायचं आणि वर काढायचा. माझे आकडे घाईघाईत पळतात, म्हणून मी "एक मिनू, दोन मिनू, तीन मिनू" असं मोजते.

एकदा वंदनानं मग बुडवला आणि तिच्या सासूबाईंचा फोन आला. "हो आई. फ्रीजमध्ये हाय. नाई, वरच्या कप्प्यात. त्या डब्याच्या मांगं पाहा." वांग्याची भाजी सापडेपर्यंत मग बादलीतच! बाहेर निघाला तेव्हा त्याच्यावर पुरणाएवढा जाड थर होता, आणि भट्टीतून आला तो अंगभर सुरकुत्या घेऊन.

वंदनानं तो सासूबाईंनाच भेट दिला. "आई, तुमच्यासाठी खास येळ देऊन केला."

त्या अजून सगळ्या पाहुण्यांना तो दाखवतात.

*

मिनूसाठी केलेला माझा पहिला मग. एका ग्लेझवर दुसरं चढवलं की दोन्ही एकमेकांत वितळून सुंदर रंग येतात, असं शोभाताईंनी सांगितलं होतं. मला वाटलं, दोनानं सुंदर होतो तर तिसरा थरही असू द्यावा. मग चौथा, कुठे पातळ राहिलं असेल तर म्हणून.

वंदना बराच वेळ बघत होती. "काऊन वो मिनूची आई, त्याले थंडी वाजून राह्यली का?"

मी मिनूला नोव्हेंबरात दोन स्वेटर घालते, हे तिला माहीत आहे.

भट्टीत ते सगळे थर वितळून खाली ओघळले आणि मग भट्टीतल्या मातीच्या फळीला घट्ट चिकटला. शोभाताईंनी छिन्नीनं ठोकून काढला, तर बुडाशी फळीचा टवकाही आला.

"घ्या," वंदना म्हणाली, "बशी फुकट भेटली."

*

दुसऱ्या मगाच्या वेळी शाळेला सुट्टी होती, म्हणून मिनू बरोबर होती. तिनं सगळ्या बादल्यांत डोकावून एक निवडली. "पिंक."

आता त्या बादलीतलं ग्लेझ कच्चं असताना गुलाबी दिसतं आणि भाजल्यावर निळं होतं. मला ते माहीत होतं, पण सांगायचा धीर होईना. शोभाताईंनीच सांगितलं, "बेटा, हा पिंक भट्टीत निळा होते."

मिनूनं विचार केला. "मग निळा परत भाजला की पिंक होईल."

शोभाताईंनी बादली ढवळायला घेतली. मी मग आतून-बाहेरून बुडवला, एकच थर, आणि मिनूनं माझ्याबरोबर तीन मिनू मोजले.

दुसऱ्या दिवशी भट्टी निवत होती. मे महिना. वंदना पदरानं वारा घेत म्हणाली, "ताई, उघडा ना दार. बाहेरच्यापेक्षा आतच थंड असंन." गरम भट्टी उघडली तर मग तडकतात, म्हणून शोभाताईंनी मिनूला दारापाशी स्टूलवर बसवलं. "कोणालेच उघडू देऊ नको. तुया आईले तं बिलकुलच नाई."

मी नुसता कडीला हात लावून पाहिला. "आई! तडकेल!" शेडभर ऐकू गेलं.

*

संध्याकाळी मग भट्टीतून निघाला. न चिकटलेला, न तडकलेला, स्वच्छ निळा. मिनूनं तो घरी येईपर्यंत मांडीवर धरून ठेवला. मी वाटेत तीन भाषणं तयार केली. निळा रंग किती छान, आभाळ निळं असतं, वगैरे.

घरी आल्यावर ती सरळ स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर गार झालेल्या दुधाचं पातेलं होतं. तिनं स्टूल ओढलं, वर चढली आणि दोन्ही हातांनी मग दुधात बुडवला.

"एक मिनू. दोन मिनू. तीन मिनू."

काठोकाठ भरलेला, टपटप गळणारा मग तिनं फ्रीजमध्ये ठेवला, दार लावलं आणि त्याला पाठ टेकून खाली बसली. मी फडकं घेऊन पुढे झाले.

"आई, उघडायचं नाही. तडकेल."

मी फरशी पुसली. कणीक मळली. फ्रीजकडे बघितलं नाही, म्हणजे तसा प्रयत्न केला. बऱ्याच वेळानं ती उठली, दार उघडलं आणि मग बाहेर काढून सगळीकडून फिरवून पाहिला.

"बाहेरून पिंक नाही झाला," ती म्हणाली. "आतून झाला असेल."

आत दूध होतं. बूड दिसेना. तिनं मग तोंडाला लावला आणि थांबत थांबत, मध्ये डोकावून बघत, शेवटच्या घोटापर्यंत रिकामा केला.

मग तळाशी नीट निरखून पाहिलं. ओठांवर पांढरी मिशी.

"अजून निळाच आहे," ती म्हणाली, आणि मग घेऊन पुन्हा स्टूलवर चढली.