वाघबारशीचं दुसरं ताट

ज्या वर्षी मला झोपेचीच भीती वाटू लागली, त्या वर्षी आमची सारिका आठवीत होती. स्वप्न एकच, पण पुन्हा पुन्हा पडायचं. मी घराच्या उंबऱ्यात उभी आहे, दिवस कलला आहे आणि समोरच्या उसाच्या सरीतून वाघ चालत येतो आहे. त्याच्या तोंडात सारिका असते, मानेपाशी धरलेली. रक्त नाही, ओरडणं नाही. तिचे पाय लोंबत असतात, डोळे उघडे असतात आणि शाळेतून आल्यावर बघते तशी ती माझ्याकडे बघत असते. अंगणात तिच्या पायातली एक चप्पल गळून पडते. वाघ वळतो आणि तिला घेऊन निघून जातो. मी वाकून ती चप्पल उचलते, तेवढ्यात मला जाग येते. पोर ओरडली असती तर कदाचित मला इतकी भीती वाटली नसती. तिचं ते गप्प बघणं मला दिवसभर सोडायचं नाही.

सारिका आमची एकुलती एक, नवसाची. तिच्या आधीची दोन लेकरं पोटातच गेली होती. निरगुडसरला आमचं घर गावात नाही, मळ्यात आहे. मी लग्न होऊन आले तेव्हा इथं बाजरी आणि मटकी पिकायची. मग धरणाचं पाणी कालव्यानं आलं, पाण्यामागं ऊस आला आणि उसामागं वाघ. तसा हा बिबट्या, पण आमच्याकडे त्यालाही वाघच म्हणतात. शाळेची वाट दोन्ही बाजूंनी उसातून जाते. गणपतीच्या आसपास शेजारच्या वस्तीवरची शेळी दिवसाढवळ्या उचलली गेली आणि त्यानंतर माझं स्वप्न सुरू झालं.

माझं माहेर मढ गावाकडचं, डोंगरातलं. वाघ आम्हाला नवा नव्हता. रानाच्या कडेला शेंदूर फासलेला वाघोबाचा दगड होता. दिवाळीच्या तोंडावर वाघबारशीला गुराखी तिथंच चूल मांडून खीर शिजवायचे, नैवेद्य दाखवायचे. आमचे दादा, म्हणजे माझे वडील, हात जोडून म्हणायचे, "बाबा, तू तुज्या वाटंनं जा, आमी आमच्या वाटंनं जातू." एवढंच त्यांचं मागणं. सासरी त्याच दिवशी वसुबारस असते. इथं मी गाय-वासराची पूजा करायला शिकले आणि वाघोबा माहेरीच राहिला. लग्न झाल्यावर बाईची भांडी सासरी येतात, देव काही सगळे येत नाहीत.

स्वप्नाचा अर्थ विचारत मी खूप फिरले. मंगळवारी जिच्या अंगात यायचं त्या बाईनं सांगितलं की कुलदेवीची ओटी राहिली आहे. ती भरून आले. जुन्नरच्या ज्योतिषीबुवांनी पत्रिका बघून ग्रहशांत करायला सांगितली, तीही केली. मंचरच्या डॉक्टरांनी झोपेच्या गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी स्वप्न काही थांबलं नाही, फक्त त्यातून जाग येईनाशी झाली. म्हणजे मी चप्पल हातात धरून तशीच अंगणात उभी राहायची. प्रत्येकाकडून मी एक नवी भीती घेऊन घरी यायचे. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणायच्या, "अगं, मनी वसं ते सपनी दिसं. दिसभर वाघ वाघ करतीस, मग रातीला काय हरिण येणार व्हय?" त्यांचं खरं असेलही. पण देवघरात देवीच्या टाकापुढं बसले की मला देवी दिसायचीच नाही, तिच्या खालचा वाघ तेवढा दिसायचा. कुणाच्या तरी मुलीला न्यायला निघाल्यासारखा.

शेवटी मी सारिकाची शाळा बंद केली. तिचे वडील संतापले. "साळा बुडवली म्हंजी वाघ परत जाईल, आसं कुणी सांगितलं तुला?" शाळेतल्या बाई घरी येऊन गेल्या. पोर दोन दिवस जेवली नाही. मग गोठ्यात बसून गाईलाच मोठ्यानं धडे वाचून दाखवायला लागली. मला ते ऐकवत नव्हतं, पण मी हटले नाही. त्याच सुमारास सप्ताहातल्या कीर्तनात महाराज सांगत होते की माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरून ठेवतं, मांजरीचं पिल्लू मात्र काहीच करत नाही, आई त्याला तोंडात धरून नेते. देवाच्या बाबतीत मांजरीचं पिल्लू व्हावं म्हणे. मी मनात म्हणाले, महाराज, तुमच्या स्वप्नात मांजर येत असेल, माझ्या स्वप्नात येतो तो वाघ आहे.

त्या साली अधिक महिना आल्यामुळे दिवाळी उशिरा होती आणि वसुबारशीच्या आधीच आमच्या उसाला तोड लागली. वसुबारशीच्या दुपारी मी गवारीची भाजी आणि बाजरीच्या भाकरी करत होते. या दिवशी आम्ही गहू खात नाही आणि दूधही वासरासाठी ठेवतो. घरात बसून कंटाळलेली सारिका आत्याबाईंबरोबर गुरांना वाढं, म्हणजे उसाचे तोडलेले शेंडे, आणायला गेली होती. ती पाटी डोक्यावर घेऊन हसत आली. "आई, बघ काय घावलंय! पाचटात व्हती, रानमांजराची पिल्लं." तिनं वरचं वाढं बाजूला केलं. खाली दोन पिल्लं होती, डोळे नुकते उघडलेली.

माझ्या हातातली भाकरी परातीत पडली. डोंगरातल्या मुलीला हे पंजे कुणाचे ते सांगावं लागत नाही. शाळेच्या वाटेवर वाघ आहे म्हणून मी पोरीला घरात ठेवली आणि घरातल्या पोरीनं वाघाची लेकरं उचलून माझ्या उंबऱ्यात आणली. आता त्यांची आई येणार, याच अंगणात, दिवस कलताना. स्वप्नात जे जसं बघितलं होतं ते तसंच समोर मांडलं जात होतं आणि मांडणारी मीच होते.

बघता बघता वस्तीवरचे लोक जमले. तोडीची टोळी काम टाकून आली. कुणी काठ्या आणल्या, कुणी दिवाळीचे फटाके. "मारून टाका, मोठी व्हऊन हितंच यायची," असं एक जण म्हणाला. दुसरा म्हणाला, वनखात्याला फोन करा. सारिकाचे वडील गावात जाऊन फोन करून आले, पण गाडी लांब गेली होती, सकाळी येणार होती. तोवर पिल्लं गोठ्यात कोंडून ठेवू, असं ठरायला लागलं. मी म्हणाले, "न्हाई. जिथनं आणली तिथं नेऊन ठिवायची, आत्ताच्या आत्ता." उरलेला ऊस एवढासाच उभा होता आणि ती त्यातच असणार हे सगळ्यांनाच कळत होतं. सारिकाच्या वडिलांनी पाटी उचलायला हात पुढं केला, तर आत्याबाईंनी त्यांना मिठीच मारली. एकुलता लेक, त्यांचंही चुकलं नाही.

तेवढ्यात मागून एक धनगराची म्हातारी पुढं आली. शेजारच्या मोकळ्या रानात त्यांच्या मेंढ्या बसल्या होत्या, ती पाणी मागायला आली होती. तिनं पाटीत डोकावून बघितलं आणि मला म्हणाली, "चल बाय, म्या येते संगट."

ती पदर खोचत म्हणाली, "परवाच्याला माजं कोकरू नेलंय तिनं. लई रडले. पर पिल्लू ते पिल्लू. तिची बी छाती दाटली आसंल आता."

मी पाटी घेतली. आम्ही दोघी बांधावरून निघालो. मागून सारिकाचे वडील आणि दोघं-तिघं काठ्या घेऊन लांबून येत होते. म्हातारी पुढं, मी मागं. तिचे गुडघे दुखत होते आणि प्रत्येक पावलाला ती त्यांना शिव्या देत होती. मी देवीचं नाव घ्यायला गेले तर एकही नाव तोंडात येईना. शेवटी आले ते दादांचेच शब्द. बाबा, तू तुझ्या वाटेनं जा, आम्ही आमच्या वाटेनं जातो. पाचटात पाटी ठेवली, ती कलंडवून पिल्लं मोकळी केली आणि मागं सरून आम्ही विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीच्या खोलीत शिरलो. दार लावून घेतलं. लोखंडी जाळीच्या खिडकीतून बांध दिसत होता.

उजेड होता, कोवळा, पिवळा. गावात बायका गाईला ओवाळायला लागल्या असतील अशी वेळ. ती कधी आली ते कळलंच नाही. उसाचं एक पान हललं नाही आणि ती बांधावर उभी होती. तिनं आमच्या खिडकीकडे बघितलं. मग पिल्लांना हुंगलं, माणसाचा वास आला असेल, चाटून चाटून तो काढला. आणि एकाला मानेपाशी तोंडात धरून उचललं.

पिल्लू ओरडलं नाही. त्याचे पाय लोंबत होते. डोळे उघडे होते.

मी जाळीला धरून रडायला लागले. इतक्या रात्री जे बघून मी घामानं भिजून उठायचे, ते हेच होतं. हेच धरणं, हेच गप्प बघणं. स्वप्नात ती माझ्या लेकीला खात नव्हती, नेत होती. पहिलं पोचवून ती परत आली आणि दुसरं घेऊन गेली. म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाली, "झालं. चल आता, च्या ठिव."

चहा पिऊन ती गेली. दुसऱ्या दिवशी मी लाडू घेऊन त्या रानात गेले तर मेंढ्या आळेफाट्याच्या बाजूला पुढं निघून गेल्या होत्या. लोक म्हणतात, ती देवीच होती. असेल. पण देवीनं गुडघ्यांना शिव्या दिल्याचं मी कधी ऐकलं नाही. मला ती म्हातारी म्हणूनच पुरेशी आहे. जिचं कोकरू गेलं तीच माझ्याबरोबर आली, याहून मोठी साक्ष मला नको.

दिवाळीनंतर सारिका शाळेत गेली. एकटी नाही, वस्तीवरच्या चार पोरी मिळून, हातात काठ्या, मोठमोठ्यानं बोलत. भीती गेली असं मी म्हणणार नाही. त्यानंतरही आमच्या भागात वाईट घडलं, लेकरं गेली. त्या आयांपुढं माझा हा अनुभव मांडायची माझी हिंमत नाही. मांडू तरी कशी? मला एवढंच कळलं की माझ्या मुठीत धरून मी पोरीला राखू शकत नाही. काळजी घ्यायची, काठी द्यायची आणि मग सोडायचं. पुढं ती नर्सिंग शिकायला पुण्याला गेली. एसटी सुटली तेव्हा खिडकीतून तिनं बघितलं, तसंच, गप्प. मी हात हलवला.

आता वसुबारशीला आमच्या घरातून दोन ताटं निघतात. एक गाय-वासराचं. दुसऱ्यात थोडी खीर असते, ते मी बांधावर ठेवून येते. आत्याबाई होत्या तोवर हसायच्या, पण खिरीत गूळ त्याच घालायच्या.

ते स्वप्न कितीतरी वर्षं पडलं नव्हतं. परवा पडलं. तोच उंबरा, तोच कोवळा उजेड. पण या वेळी उंबऱ्यात सारिका उभी होती आणि तोंडात धरलेली मी होते. मानेपाशी ऊब लागत होती. दुखत कुठंच नव्हतं. पायातली चप्पल गळून अंगणात पडली. मी ती पडू दिली.