दादाने फास्ट केलेला कॉम्प्युटर

काल दादा मुलीच्या लग्नाची पत्रिका दाखवायला लॅपटॉप घेऊन आला. लॅपटॉपच्या पंख्यातून तापलेल्या धुळीचा वास आला आणि माझं डोकं फिरलं. वीस वर्षांपूर्वी, वेसाव्याच्या घरी, हाच वास होता.

तिथल्या जुन्या कॉम्प्युटरवर मी आत्याचे धवले टाइप केले होते. आत्या धवलारीण, आमच्या कोळ्यांच्या लग्नात ही गाणी तीच गायची. तिला लिहिता येत नव्हतं. सुकटीच्या वासाचे हात पदराला पुसत ती सांगायची, मी टाइप करायचे.

कॉम्प्युटर रेंगाळतो म्हणून दादाने एका दुपारी साफसफाई काढली. आधी मराठी फॉन्ट उडवले. मग माझ्या फायली उघडल्या, तर फॉन्टशिवाय नुसती इंग्रजी अक्षरं आणि वेडीवाकडी चिन्हं. व्हायरस समजून त्याने त्याही उडवल्या. मी घरी आले तेव्हा स्वारी खूश.

"बघ, मेमरी मोकळी केली. कसला झकास पळतोय!"

मी रडले. आत्या म्हणाली, "रडू नको गं, मी हाय ना, परत सांगन." आणि मीच दादाला "जाऊ दे रे" म्हटलं. त्या "जाऊ दे"ची आज मला चीड येते. आत्या पुढच्या होळीआधीच गेली.

काल पत्रिका दाखवून झाल्यावर तो म्हणाला, "आत्याचे धवले असतील ना गं तुझ्याकडे कुठेतरी? हळदीला हवेत."

मी लॅपटॉप मिटून त्याच्या हातात दिला.

"तू फास्ट केलेला तो कॉम्प्युटर आण," मी म्हटलं, "आणि मांडवात त्यालाच बसव गायला."