कुरुंदवाडच्या मळ्यातले दोन होकार

अनोळखी रस्त्यावर आपण विचारतो, "कुरुंदवाडला हाच रस्ता ना?" समोरचा म्हणतो, "व्हय की, पावणं," आणि आपण भलत्याच गावात पोहोचतो. असे का होते? उत्तर मी वर्गात अनेकदा शिकवले आहे. ते घडताना मात्र याच प्रवासात पाहिले.

बौद्धिक अक्षमता असलेल्या व्यक्तींना त्यांचे स्वतःचे मत कसे विचारावे, हे मी नव्या संशोधकांना शिकवते. माझी विद्यार्थिनी सायली पहिलीच मुलाखत घेणार होती, अजित नावाच्या तरुणाची. कोल्हापूरहून कुरुंदवाडच्या त्याच्या मळ्याकडे आम्ही दुचाकीने सकाळीच निघालो. तुम्हीही लवकर निघा. गळीत हंगामात नंतर उसाच्या ट्रॉल्यांमागे रांगावे लागते. मळ्यांतल्या वस्त्यांपर्यंत एसटी जात नाही.

"या की! च्या घेतल्याबिगर कागद काढायचा न्हाय," अजितच्या वडिलांनी, अण्णांनी, दारातूनच दम भरला. पंचविशीचा अजित म्हशीला वैरण टाकून येऊन बसला. त्याला पुढच्या आठवड्यात कोल्हापुरातल्या निवासी संस्थेत ठेवायचे ठरले होते.

"आमच्या माघारी त्याचं कोण बघणार, बाई? इचारा त्याला. तयार हाय त्यो."

सायलीने विचारले, "अजित, तिथे राहायला आवडेल ना?"

"व्हय."

"ऐकलासा?" अण्णा म्हणाले.

माझ्या हातातला कप थांबला. प्रश्नातच उत्तर भरलेले होते, आणि मुलाखतीत मध्ये न बोलण्याचा नियम माझाच होता. ती हाच होकार लिहून उठली असती, तर अजितचे मत म्हणून अण्णांचेच मत नोंदले गेले असते. सायली घुटमळली. मग तिने उलटा प्रश्न केला: "घरीच राहायला आवडेल ना?"

"व्हय."

"तुमीच त्याला घोळात घालताय की!" अण्णांचा आवाज चढला.

खरे तर घोळ उघडा पडला होता. ज्याला जन्मभर घाईघाईने विचारले जाते, तो समोरच्याला हवे ते सांगून प्रश्न संपवायला शिकतो.

सायलीने दोन चित्रे मांडली, एक घराचे, एक संस्थेचे. "कुठे राहायचं?" एवढेच विचारून ती गप्प बसली. अण्णांनी तोंड उघडले. तिने नम्रपणे हात वर केला. शांतता असह्य झाली. अजितने संस्थेचे चित्र उचलले, उलटून मागची कोरी बाजू पाहिली.

"म्हस कुठं?"

"तिथं म्हस कशी असंल, रं..." अण्णांचा आवाज प्रथमच खाली आला.

अजितने चित्र सायलीच्या हातात परत दिले आणि घराच्या चित्रावर तळवा ठेवला.

अण्णा म्हणाले, "फुडल्या आठवड्याचं ऱ्हाऊ दे. आदी संस्था दावून आणतो त्याला." त्यांची काळजी खरी होती आणि ती तशीच उरली, पण आता त्या काळजीत अजितचाही शब्द होता.

परतताना नृसिंहवाडीत कवठाची बर्फी घेतली. ती चुकवू नका. पुढे फाट्यावर सायलीने एका सायकलस्वाराला विचारले, "कोल्हापूरला कुठला रस्ता?" तो उतरला, क्षणभर विचारात पडला आणि त्याने आम्ही निघालो होतो त्याच्या उलट दिशेला हात केला.

बर्फी दोन दिवसांत संपली. उरली ती मळ्यातली शांतता. तुम्हीही करून पाहा: घरातल्या सर्वांत कमी बोलणाऱ्या माणसाला आज विचारा, "तुला काय हवंय?" आणि उत्तर येईपर्यंत दुसरा शब्द उच्चारू नका.