कार्बोरेटरबाईचं मशीन

माझी नणंद कुणाचं ऐकत नाही. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारी पंचवीस वर्षं करून झाल्या, सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आता नुसतं सांगते.

सासऱ्यांनी काढलेलं मोटरसायकलचं गॅरेज आहे आमचं. दाराशी काउंटर, तिथे मी बसते. मागे इंजिनाचं काम आमचे हे करतात. आणि खिडकीखालचं टेबल नणंदेचं. त्या टेबलावर कार्बोरेटरशिवाय काही येत नाही, म्हणून गिऱ्हाइकं तिला कार्बोरेटरबाई म्हणतात. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला पेट्रोल आणि हवा कालवून देणारा मुठीएवढा डबा. त्याच्या पोटात पितळेचे जेट असतात, नखाएवढे, मधोमध बारीक भोक. त्या भोकात कचरा बसला की गाडी रुसते, आणि रुसलेली गाडी हसवायचं काम ही बाई वयाच्या विसाव्या वर्षापासून करते आहे. लग्न केलं नाही. का नाही, असं मी एकदाच विचारलं होतं. "वेळ कुठे होता?" म्हणाली, आणि फुंकणीने भोक फुंकत बसली.

करायची कसं, तर कार्बोरेटर खोलायचा, पेट्रोलच्या ताटात बुडवायचा, ब्रशने घासायचा आणि जेटच्या भोकातून सुई फिरवायची. सासऱ्यांनी दोघा भावंडांना हेच शिकवलं. सुई नेहमी तिच्या शर्टाच्या कॉलरला टोचलेली. तीस वर्षं हात पेट्रोलमध्ये, मग हातांचं काय होणार? आधी सालं निघाली, मग भेगा पडल्या, मग भेगांतून रक्त यायला लागलं. पीठ मळताना मी तिला परातीला हात लावू देत नव्हते, ती रागवायची. हातमोजे आणून दिले तर पेट्रोलने फुगून दुधीभोपळे झाले. शिवाय मोज्यातून तिला जेट लागेना. "आंधळ्यासारखं वाटतं," म्हणाली आणि काढून फेकले.

शेवटी मीच तिला ओढत कातडीच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाईंनी हात उलटेपालटे करून पाहिले आणि म्हणाल्या, "पेट्रोल बंद. थिनर बंद. आजपासून. नाहीतर या हातांनी उद्या घास उचलता येणार नाही."

घरी येऊन सांगितलं. आमचे हे निकाल दिल्यासारखं म्हणाले, "झालं तर मग. उद्यापासून तू काउंटरवर बस. नावं लिहून घ्यायची, चाव्या द्यायच्या. सावलीत आराम."

अरे वा! काउंटर माझा. मला कुणी विचारलं? पण मी तोंड उघडायच्या आत नणंद म्हणाली, "दादा, मी चाव्या वाटायला जन्माला आले नाही."

"मग काय करणार आहेस? बोट लावायचं नाही म्हणालेत."

"पेट्रोलला लावायचं नाही म्हणालेत. कार्बोरेटरला नाही."

एवढं बोलून ती उठून गेली. हे माझ्याकडे बघून म्हणाले, "मोडेल पण वाकायची नाही." मी म्हटलं, "तुमच्याच घराण्याची आहे." खरं सांगते, त्या दिवशी मला तिची काळजी वाटली. टेबल गेलं तर या बाईकडे उरतं काय? ना नवरा, ना मूल, आमच्याच घरातली एक खोली, आणि टेबलापाशी "कार्बोरेटरबाई आहेत का?" असं विचारत येणारी माणसं. ती माणसं उद्या तिच्याकडे चावी मागणार. मी असते तर रडले असते. ती रडली नाही, तिने आठ दिवस कुणाशी बोलणंच टाकलं.

आणि नवव्या दिवशी तिची दाढ दुखायला लागली. देवानेच धाडलं म्हणायचं ते दुखणं. दातांच्या डॉक्टरांनी तोंडात कापूस कोंबला, आणि बाजूला एक छोटी पेटी गूं गूं करत होती. डॉक्टरांनी झाकण उघडून आतून चिमटे बाहेर काढले, लखलखीत. नणंद कापसासकट ओरडली, "ए काय ए?"

"हे? अल्ट्रासॉनिक. पाण्यात इतके बारीक बुडबुडे होतात आणि फुटतात, की फटीतली घाणसुद्धा सुटते. हात लावावा लागत नाही."

हात लावावा लागत नाही! बाई खुर्चीतून उठायलाच निघाली. डॉक्टरांनी तिला दाबून बसवलं आणि दाढ काढली. घरी येताना तिचा एक गाल सुजलेला आणि डोळे चमकत होते. दाढ गेल्याचं दुःख अजिबात नाही.

मग सुरू झाली निवड. मला वाटलं होतं, दुकानात जायचं, बोट दाखवायचं, आणायचं. छे! आधी तिने सगळ्यात मोठा कार्बोरेटर पुठ्ठ्यावर ठेवून त्याच्या मापाचं खोकं कापलं. "टाकीत हे खोकं बुडालं पाहिजे आणि चारी बाजूंनी बोटभर पाणी उरलं पाहिजे." चष्मे, अंगठ्या धुवायच्या पेट्या तिने बघितल्यासुद्धा नाहीत. टाकी स्टीलची हवी, आत जाळीची टोपली हवी, कारण सामान तळावर ठेवलं तर तळ खराब होतो. पाणी गरम करायची सोय हवी, आणि घाण पाणी सोडायला खाली तोटी हवी. हे सगळं माझ्याकडून वहीत लिहून घेतलं, हात दुखत होते म्हणून. माझं अक्षर वाईट आहे असंही वर ऐकवलं.

पहिल्या दुकानात आमचे हे बरोबर आले होते, नुसते गंमत बघायला. दुकानदार प्रत्येक उत्तर यांना देत होता. प्रश्न नणंदेचा, मान यांच्याकडे. शेवटी ती म्हणाली, "काय हो, माझा आवाज यांच्या तोंडातून येतोय का?" दुकानदाराने घाईघाईने मशीन चालू केलं. निळे दिवे, लाल आकडे, घूं घूं. यांना तर एकदम पसंत पडलं. नणंदेने पिशवीतून चकचकीत ॲल्युमिनियमची पातळ पन्नी काढली, डबा गुंडाळतात ती, आणि पाण्यात उभी धरली. एक मिनिट. बाहेर काढून उजेडात पाहिली. जशीच्या तशी.

"पन्नीला एक टोचा नाही पडला," ती म्हणाली. "दातांच्या डॉक्टरांकडे चाळणी झाली होती. तुमचं मशीन पाणी तापवतं आणि गाणं म्हणतं. चल वहिनी."

म्हणजे त्या बिचाऱ्या डॉक्टरांकडे ही परत जाऊन पन्नी बुडवून आली होती! तिसऱ्या दुकानात पन्नीला सुईने टोचल्यासारखी भोकंच भोकं पडली, तेव्हा कुठे बाईच्या चेहऱ्यावर हसू आलं. तिने तिथल्या तिथे स्वतःची पुंजी मोडली आणि मशीन मांडीवर घेऊन रिक्षात बसली. मला कडेला चिकटून बसावं लागलं.

गॅरेजात मशीन टेबलावर आलं. पाणी, त्यात ॲल्युमिनियमला न खाणारं साबणाचं द्रावण. रबर, तरंगता फ्लोट, पातळ पडदा, हे सगळं आधी काढून बाजूला. पाणी तापलं की पाच मिनिटं मशीन रिकामंच चालवायचं, पाण्यातली हवा निघून जायला. मग टोपली खाली.

"साबणाच्या पाण्याने कार्बोरेटर?" हे हसून हसून बेजार. "अगं, थोडं पेट्रोल तरी ओत त्यात!"

"ओत की," नणंद म्हणाली. "गरम टाकी, खाली वीज, वर पेट्रोलची वाफ. तू ओत, मी आणि वहिनी रस्त्यापलीकडे उभ्या राहून बघतो."

यांनी हसणं आवरलं. पण मनात राहिलंच त्यांच्या. आणि तेवढ्यात बेकरीवाला आला.

बेकरीवाला म्हणजे गाडीच्या मागे दोन्ही बाजूंना टोपल्या बांधून पाव पोहोचवणारा आमचं जुनं गिऱ्हाईक. वर्षात त्याची ही चौथी खेप. मूठ पिळली की गाडी काळा धूर ओकायची. "पावाला धुराचा वास येतो म्हणतात लोक," तो रडकुंडीला आला होता. "ताई, तुम्ही तीनदा साफ केलात. पहिल्यांदा नुसती अडखळायची, आता धूर, आणि दर खेपेला जास्तच."

यांनी संधी साधली. सगळ्यांसमोर म्हणाले, "पैज. तुझ्या मशीनने याचा धूर थांबला तर टेबल तुझं. नाही थांबला, तर मुकाट्याने काउंटर."

तिने हो म्हटलं. मी स्वतः ऐकलं.

वीस मिनिटं टोपली पाण्यात होती. पाणी चहासारखं झालं. कार्बोरेटर बाहेर आला तो नव्या भांड्यासारखा. तिने धुतला, हवेने कोरडा केला, जोडला, गाडीला बसवला. बेकरीवाल्याने किक मारली, मूठ पिळली.

काळा धूर. भसाभसा.

"नाचता येईना अंगण वाकडं," हे म्हणाले. "आता साबणाला दोष देऊ नकोस म्हणजे झालं." आणि हात पुसत मागे गेले. बेकरीवाला बिचारा बाकावर डोकं धरून बसला.

मी टेबलापाशी गेले. ती कार्बोरेटर पुन्हा खोलत होती. मुख्य जेट काढून तिने उजेडात धरला. मग कपाटातून त्याच नंबरचा नवा कोरा जेट काढला आणि दोन्ही शेजारी धरले. कॉलरची सुई काढली. नव्या जेटच्या भोकात सुई टोकापाशीच अडकली. जुन्याच्या भोकात पार पोटापर्यंत गेली आणि वर खुळखुळली.

"वहिनी," ती हळूच म्हणाली, "भोक मोठं झालंय."

"कशाने?"

तिने सुई माझ्यासमोर धरली. मला कळायला क्षणभर लागलं. पितळ मऊ, सुई पोलादाची. दर खेपेला ही बाई जीव ओतून, मन लावून भोकातून सुई फिरवत होती आणि दर खेपेला भोक केसभर मोठं होत होतं. जास्त पेट्रोल, काळा धूर. इतके दिवस घाणीने ते भोक थोडं झाकलेलं असायचं. मशीनने घाण पार काढली आणि हिची करणी उघडी पडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

मी चटकन आजूबाजूला पाहिलं. हे मागे. बेकरीवाला बाकावर. "ताई, नवा जेट बसव," मी कुजबुजले. "धूर थांबेल, पैज जिंकशील, टेबल राहील. कुणाला काय कळतंय? झाकली मूठ सव्वा लाखाची."

तिने आपले दोन्ही हात माझ्यासमोर उघडले. भेगा, सालं, सगळं.

"मूठ झाकायला हात धड राहिलेत का माझे?"

आणि मोठ्याने हाक मारली, "दादा! बाहेर ये."

हे आले. बेकरीवाल्यालाही तिने उठवलं. दोन्ही जेट दोघांच्या पुढ्यात धरले, सुई घालून दाखवली आणि सरळ सांगितलं, "हा धूर मी केला. तीनदा सुई मी घातली, भोक मी मोठं केलं. नवा जेट मी घालून देते. तुमचे तिन्ही वेळचे पैसे परत."

बेकरीवाला तिच्याकडे बघतच राहिला. "म्हणजे तुम्हीच..."

"मीच. चार शब्द ऐकवायचे असतील तर ऐकवा, मी इथे उभी आहे."

त्याने ऐकवले नाहीत. हे मात्र लाल झाले. "वेड लागलंय का तुला? गिऱ्हाइकासमोर? उद्या गावभर होईल की आम्ही गाड्या बिघडवतो! बाबांनी शिकवलेलं काम आहे ते!"

"बाबांनी शिकवलं, आपण शिकलो, चुकलं. बाबा असते तर त्यांनाही दाखवलं असतं."

नवा जेट बसला. किक, मूठ. धूर नाही. बेकरीवाल्याने दोनदा, तीनदा पिळून बघितली, मागे जाऊन धुराच्या नळीपुढे हात धरला, तळवा पाहिला आणि टोपल्या चढवून निघाला.

आता हे पुढे झाले. आवाज खाली, पण पक्का. "धूर तुझ्या मशीनने थांबला नाही. नव्या जेटने थांबला. पैज तू हरलीस."

"हरले."

"मग?"

"पैज हरले. टेबल सोडत नाही."

"शब्द दिला होतास!"

"दिला होता. मोडते. कुणाला सांगायचं त्याला सांग, बहिणीने शब्द मोडला म्हणून." एवढं बोलून ती यांच्या अगदी समोर आली. हिच्याएवढी बुटकी बाई इतकी उंच कशी दिसली देव जाणे. "तीस वर्षं मी हे काम करते म्हणत होते, दादा. ते बरोबर कसं करायचं हे मला आज कळलं. आणि आज उठून मी चाव्या वाटू? टेबलाला कुलूप लावलंस तरी मी फरशीवर बसेन. फरशीवरून ओढलंस तर रस्त्यावर मशीन मांडेन."

यांनी माझ्याकडे पाहिलं. बायकोने साथ द्यावी असं वाटलं असणार. मी म्हटलं, "माझ्याकडे बघू नका. मी तर तिला लपवायला सांगितलं होतं. ती माझंही ऐकत नाही." राग आला होता मला तिचा, जिंकलेली पैज हातची घालवली म्हणून. आणि अभिमान इतका वाटला, की तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

ती वळून टाकीतलं घाण पाणी तोटीने बादलीत सोडू लागली. बादली भरत आली तेव्हा यांनी घसा खाकरला.

"ती गल्लीतली टपालवाल्याची गाडी," ते म्हणाले, "मागच्या महिन्यात तू डॉक्टरकडे होतीस तेव्हा... तिचे जेट मी साफ केले होते."

"सुईने?"

"सुईने."

तिने तोटी बंद केली. "बोलाव त्याला," ती म्हणाली. "आणि तू केलंस हे तूच सांगायचं."