फक्त ब्रेक राहिलेत

नऊ वर्षं मी धुळ्यात, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, एक जुनी विलायती गाडी पुन्हा उभी करत होतो. नऊ दसऱ्यांना तिला झेंडूची माळ घातली आणि नऊही वेळा शेजाऱ्यांनी ढकलून तिचं चाक लिंबावरून नेलं. कधी चालणार, असं कोणी विचारलं की मी म्हणायचो, थोडंच राहिलंय. निवृत्त माणसाला थापा मारायला वेळ भरपूर असतो.

मला एकच हवं होतं. तिने एकदा स्वतःच्या ताकदीवर हायवेने सोनगीरपर्यंत जावं. पण हात थरथरू लागले, बारीक काम जमेना. इंजिन सुरू झालं त्या दिवशी मिस्तरी हात पुसत म्हणाला, "नाना, बठ्ठं व्हयी गयं, फक्त ब्रेक बाकी शे." सगळं झालं म्हणे, पण त्या फक्त ब्रेकपायी आणखी वर्ष गेलं. शेवटी विकायची ठरवली. म्हटलं, कोणीतरी पुरी करील आणि रस्त्यावर काढील.

गिऱ्हाइकं आली. एकाने दार चार वेळा उघडलं, लावलं आणि ॲव्हरेज विचारलं. जळगावच्या एका डॉक्टरांना तिच्यात एसी बसवायचा होता. मग शिरपूरचे एक शेठ आले, मंगल कार्यालयाचे मालक. त्यांनी मला बॉनेट उघडूच दिलं नाही. रंगावरून हात फिरवला, मागच्या सीटवर बसून फोटो काढून घेतला आणि मी सांगितलेली किंमत घासाघीस न करता कबूल केली. ब्रेक नाहीत म्हणालो, तर उलट खूश झाले. गाडी कार्यालयाच्या दारात चौथऱ्यावर पक्की बसवायची होती, नवरा-नवरीच्या फोटोसाठी. इंजिन तुम्हीच ठेवा म्हणाले, गालिच्यावर तेल गळतं.

माझं डोकंच फिरलं. चौथऱ्यावर पुतळे बसवतात, गाडी नाही, असं सुनावलं आणि विकायची नाही म्हणून सांगून टाकलं.

बायको चहा घेऊन आली होती. तिने शेठजींच्या हातात कप दिला आणि माझ्याकडे न बघताच विचारलं, "मग इतकी वर्षं ती आपल्याकडे तरी काय करत होती?"

राग आला तो तिचा नव्हे, माझाच. शेठजींचा कप रिकामा व्हायच्या आत मी विचारलं, ट्रक कधी पाठवताय?

दुसऱ्या दिवशी ट्रक यायच्या आत मिस्तरी आणि मी इंजिन उतरवून ठेवलं. अर्धा दिवससुद्धा लागला नाही. त्या शेडमध्ये मी वेळेत पुरं केलेलं ते एकच काम.