काळीज सरकलं नव्हतं

आमच्या गोंदियाकडच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात मी वांगी निवडत होते, तेवढ्यात पुतण्याचा फोन आला. "मोठी आई, आई गेली..." एवढंच बोलला तो. सेवंता माझी धाकटी जाऊ. पोटाच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली होती, आम्हाला कळत होतं सगळं, तरी हातातली वांगी हातातच राहिली. पण खरं सांगू? आता काही आठवडे झाले, आणि तिच्यावर लिहायला बसले की रडू मागे राहते, आधी उत्साहच चढते अंगात. बाई होतीच तशी! घरात आली की ढोल-ताशा आल्यासारखं वाटायचं.

आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा भरते. दुकानं, पाहुणे, दंडारीचा नाचगाण्याचा खेळ... आणि आमच्या गावात त्या दिवशी बायकांची कबड्डी. लेकी एका बाजूला, सुना दुसऱ्या बाजूला. सेवंता आम्हा सुनांची पुढारी. चाळिशी ओलांडली होती, पण काष्टा खोचून चढाईला गेली की लेकी मागे सरत. काही वर्षांपूर्वी अशीच गेली, लेकींनी तिला घेरली, आणि त्या झोंबाझोंबीत कोणाचा तरी गुडघा तिच्या कानशिलावर बसला. क्षणभर भान नव्हतं तिला. आणि आम्ही काय करावं? तोंडावर पाणी मारलं, टाळ्या पिटल्या, "सुनाइची इज्जत आहे व, उठ!" म्हणत पुन्हा मैदानात ढकलली! तीही वेडी, गेली आणि जिंकून आली.

त्रास मग सुरू झाला. डोकं दुखायचं, ते हळूहळू कमी झालं. पण उभी झाली की काळीज धाडधाड उडायचं, घाम सुटायचा, डोळ्यांपुढे अंधारी यायची. निजली की सगळं शांत. शेजारच्या म्हातारीनं निकाल दिला, "काळीज सरकलं व हिचं. निजवून ठेवा, जागेवर येईन." माझा दीर घाबरला. दिलाची बिमारी म्हणून त्यानं मीठच बंद केलं तिचं. दिवसभर खाट आणि अळणी पेज! जितकी निजे तितकी उठायला भारी होत गेली. एकदा माझा हात धरून म्हणाली, "बाई, रोवण्यात वाकनं न् उठनं, एवढंच त काम आहे. मले उठताच नाही आलं त मी कोनाच्या कामाची?" धानाची रोपं लावायला आमची बायांची टोळी चिखलाच्या बांधीत उतरे, तेव्हा सगळ्यांत पुढे सेवंता. गाणं ती उचलायची, आम्ही मागून धरायचो. तेच जाईल, ही तिची भीती. मरणाची नव्हतीच.

मी हट्टानं तिला गोंदियाला नेलं, दीरही सोबत आला. डॉक्टरीण तरुण पोरगी. तिनं मशीन लावून काळजाच्या ठोक्यांची पट्टी काढली, निजवून नाडी पाहिली, मग उभी करून पाहिली. उभी होताच नाडी अशी पळाली की डॉक्टरीण मानच हलवायला लागली. म्हणाली, "दिल एकदम बढ़िया है, काकी. हादरा डोक्याला बसला." मग समजावलं. आपण उभे झालो की रक्त खाली उतरते, ते वर ढकलायचं, ठोके कमी-जास्त करायचे, हे काम शरीर आपणहून करते, आपल्याला पत्ताही नसते. डोक्याला मार बसला की कधी कधी त्या कारभाराचा ताल चुकते. रोज थोडं थोडं चालायचं, त्रास वाढला की थांबायचं, पाणी भरपूर प्यायचं, मीठही नेहमीसारखं खायचं, आणि डोक्याला दुसरा मार बसू द्यायचा नाही. "और नमक किसने बंद किया?" माझा दीर भिंतीकडे पाहायला लागला. सेवंता खाटेवरूनच बोलली, "यायनंच जी! म्हशीले मिठाचा खडा देतेत, अन् बायकोले अळणी!" डॉक्टरीण हसून हसून लाल झाली.

मग काय! आधी अंगण, मग विहीर, मग बोडीच्या तळ्याची पाळ... छाती उडाली की तिथंच बसायची आणि काळजालाच दटावायची, "कायले पळून राह्यला रे? गाडी सुटून राह्यली का तुही?"

आणि तो रोवणा! बांधीत उतरली तेव्हा साऱ्या बाया हातात रोपं धरून तिच्याकडेच पाहत होत्या. वाकली, ओळ लावली. आता उठायचं... हात गुडघ्यांवर ठेवून थांबली. मग कंबर सरळ केली. मान सगळ्यांत शेवटी. डोळे मिटलेले. मग डोळे उघडून म्हणते काय, "काय पाहून राह्यल्या व? नवरी आहो का मी?" आणि गाणं उचललं! अहाहा, त्या दिवशी आम्ही म्हाताऱ्या-कोताऱ्या चिखलात नाचलो हो!

यंदाचा रोवणा आत्ताच आटोपला. गाणं दुसरीनं उचललं, चांगलं उचललं. माझ्या बाजूला या उन्हाळ्यात लग्न होऊन आलेली एक सून होती. तिनं सेवंताला बांधीत कधी पाहिलंही नाही. ओळ संपली, तिनं हात गुडघ्यांवर ठेवले, थांबली, मग हळूच कंबर, मग मान.

"काऊन थांबली व?" मी विचारलं.

पोरगी गोंधळली. इकडेतिकडे पाहिलं, साऱ्या बाया तशाच उठत होत्या. म्हणाली, "रोवण्यात असंच उठतेत ना जी?"

"हो व माय," मी म्हटलं, "असंच उठतेत."