मथुरेची खटाई आणि निळा डबा

सुमेधावहिनींचं आणि त्यांच्या सासूबाईंचं ते भांडण मथुरेने कुंपणाच्या दगडी गडग्याआडून ऐकलं, तेव्हा तिच्या डोक्यावर शेणाची पाटी होती. पाटी खाली ठेवायचंही तिला सुचलं नाही.

"कुळवाड्यांकडचा डबा माझ्या फडताळात नको," सासूबाई म्हणत होत्या. "काल त्यात मासळी असेल, आज खटाई."

"मथुरेचा हात स्वच्छ आहे," वहिनी म्हणाल्या. "वास आला तर मला बोला. मी खाली मान घालीन."

नवी सून, आणि सासूला असं उत्तर, तेही गडग्यापलीकडच्या बाईसाठी. मथुरेने तेव्हापासून नेम धरला. दिवाळी आली की नानखटाईसाठी मैदा, तूप, पिठीसाखर मळायची, गोळे वळून ताटात लावायचे, ताट घेऊन सावर्ड्याच्या बाजारात बेकरीच्या भट्टीवर जायचं. भाजलेली खटाई तिथेच कोऱ्या खोक्यात भरायची, दोरा बांधायचा आणि परस्पर वहिनींचं दार. आपल्या घराचा उंबरा तिने त्या खोक्याला कधी दाखवला नाही. घरच्यांच्या वाट्याला तुटक्या. नवरा म्हणायचा, "आमचं नशीबच तुटकं." ती म्हणायची, "चव तीच हाय, गप खावा."

पुढे सासूबाई गेल्या, नवराही गेला. एका तापात मथुरेचं नाक गेलं. जागेवर होतं, कामाचं राहिलं नाही.

गेल्या दिवाळीला वहिनींकडे पुण्याची माणसं यायची होती. मथुरेच्या मनात आलं, आपला खाकी खोका त्यांच्यापुढे कसा दिसायचा? मुलाने मुंबईहून आणलेला एक गोल निळा डबा घरात होता, झाकणावर गुलाबाची फुलं. सुनेने त्यात पावसाळ्यासाठी सोडे भरले होते, म्हणजे सुकवलेली कोलंबी. मथुरेने ते बरणीत ओतले, डबा राखेने घासला, उन्हात वाळवला, नाकाला लावून बघितला. वास म्हणून नाही. येणार कुठून? मग आत पांढरा कागद, त्यावर खटाईचे थर, वरून लाल रिबीन. डबा असा काही सजला की देववेना.

भाऊबीज झाल्यावर डबा परत आला. रिकामा पाठवायची रीत नाही, म्हणून आत बेसनाचे लाडू. नात राहीने झाकण उघडलं आणि तोंड वाकडं केलं.

"आजी, लाडवांना सोड्यांचा वास येतोय."

मथुरा तशीच उठली. वहिनी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसल्या होत्या.

"वयनी, खटाई कशी झाली व्हती?"

"छान."

"पावन्यांनी खाल्ली?"

वहिनींनी नसलेला खडा शोधला. "नणंदेने एक तोंडात घातली. म्हणाली, वहिनी, हिच्यात मासळी आहे का?"

"मग?"

"मग काय, मी खाली मान घातली." आणि वहिनी हसल्या.

मथुरेला हसता येईना. सासूबाईंपुढचे ते शब्द तिने तेव्हा ऐकले होते हे वहिनींना ठाऊकच नव्हतं. "इकतची हाय म्हनून सांगायचं," ती कशीबशी म्हणाली.

"सांगितलं असतं गं. पण डब्याचं कौतुक आधीच करून बसले होते. आमच्या मथुरेने बांधलाय म्हणून."

त्यानंतर मथुरा गडग्याच्या वाटेने जाईना. पाण्याला जायची तर लांबच्या पाणंदीने. वहिनींची हाक आली की घरातून राही सांगायची, आजी निजली. या वर्षी दिवाळी तोंडावर आली, तरी मैद्याचं नाव नाही. राहीने विचारलं तर म्हणाली, "कुठल्या तोंडानं देऊ?"

शेवटी वहिनीच गडग्यापाशी येऊन उभ्या राहिल्या. "मथुरे, माझं फडताळ रिकामं आहे हो."

दुसऱ्या सकाळी मथुरा ताट घेऊन बाजारात गेली. बेकरीवाल्याला म्हणाली, "आधी खोक्याचा वास घे."

"आजी, कोरा पुठ्ठा आहे."

"तरी घे."

त्याने घेतला. मग तिने खटाई भरली, दोरा बांधला. वाटेत तिचं घर लागलं. पाय दुखत होते, पण ती आत वळली नाही. खोका वहिनींच्या हातात देऊन म्हणाली, "नाकाला लावा."

वहिनींनी लावला. "तूप," त्या म्हणाल्या. "आणि वेलची."

तुळशीच्या लग्नाआधीच मथुरा गेली. ही शेवटची फेरी, हे त्या दिवशी कुणाला माहीत होतं? ती नेहमीसारखी पायरीवर टेकली, बशीतला चहा प्यायली, आणि तुटक्या खटाईची पुडी पदराला बांधून घरी गेली.